नियमित

सोहार बंदराच्या मागे, कॅम्प नंबर सहाच्या गच्चीवर
एसीच्या खोक्याचा पुठ्ठा उलटा करून
नंदसिरी टाइमकीपर लिहितो: वर्क, वर्क्ड.
आम्ही सात जण. यादगिरी ओल्या केसांनीच आलेला.
खाली मेसमध्ये कुणाचा तरी कांदा करपतोय.

‘वर्केड नाही रे, वर्क्ट,’ तो म्हणतो.
‘ई गिळायचा. डचा ट करायचा.’
लिहायचं एक, म्हणायचं दुसरं.
याची आम्हाला सवय आहे.
करारावर इलेक्ट्रिशियन लिहिलं होतं,
हातात फावडं आलं.

पुढच्या महिन्यात परमिट रिसीव्हरची परीक्षा.
पास झालो तर चाळीस रियाल जास्त
आणि सावलीत टेबल.

हा ड तसा माझ्या ओळखीचाच निघाला.
मिस्ड कॉल.
एक्स्पायर्ड, हेल्थ कार्डावर.
कॅन्सल्ड, जुन्या व्हिसावर, तिरका, निळ्या शाईत.
इतकी वर्षं अंगाखांद्यावर वागवला,
नाव तेवढं विचारलं नव्हतं.

आमच्याकडे मी डबा बांधला, साडी बांधली,
घड्याळ बांधलं.
क्रियापद वस्तूच्या मागे मागे जातं,
आणि मी, कर्ता असून,
तृतीयेत, दाराशी उभा.
इकडे सगळं पॅक्ड.
डबा पॅक्ड, साडी पॅक्ड,
बांधणारा बाई की बुवा, एकटा की अख्खा कॅम्प,
पॅक्ड.
सोपं आहे, नंदसिरी म्हणतो.
सोपं आहेच.

आय वेट. यू वेट. दे वेट.
फक्त तिच्यापाशी एक स येऊन चिकटतो:
शी वेट्स.
का, मी विचारलं.
मार्कर सुकला होता, तो झटकत राहिला.
‘जो समोर नाही, त्याला लागतो,’ म्हणाला,
आणि थोडा वेळ बंदराकडे बघत बसला.

भविष्यकाळाला दहाच मिनिटं लागली.
विल पुढे उभा राहतो
गेटवरच्या नेपाळी वॉचमनसारखा,
मागचं क्रियापद जसंच्या तसं.
विल वर्क. विल वेट.
एक अक्षर हलत नाही.

मंगळवारी यादगिरी उठला नाही.
समोरच्या बंकवर, पायांत मोजे तसेच.
ऑफिसात म्हणाले, खोलीत इंग्रजी कुणाला येतं? लिही.
मी लिहिलं:
ही लिव्ह्ड इन रूम फोर्टीन.
ही वर्क्ड इलेव्हन इयर्स.
ही कुक्ड ऑन फ्रायडे.
हे कुणी विचारलं नव्हतं.
ही डाइड.

नंदसिरीनं वाचलं. लाल पेन उघडलं,
परत बंद केलं.
चूक एकही नव्हती.
मरणसुद्धा नियमित निघालं,
त्याच ओळीत, त्याच शेपटासकट.

रात्री आठवलं,
शाळेत आणखी एक भूतकाळ होता आम्हाला:
तो शुक्रवारी चिंचेचं सार करी,
करपलं की माझ्यावर ढकली,
निजताना मुलीचं नाव दोनदा घेई.
करी, ढकली, घेई.
नंदसिरीच्या पुठ्ठ्यावर हे नव्हतं
आणि मी त्याला विचारलंही नाही.

गुरुवारी गच्चीवर सहा जण.
आता अनियमित, तो म्हणाला:
गो, कम, सेंड, ब्रिंग.
यांना नियम नाही. एकेक पाठ करायचं.

तेवढ्यात सुगंधाचा फोन. ‘कधी येणार?’
‘अजून तिथवर पोचलो नाही.’
‘कुठवर?’
बंदराकडून वारा येतो, पुठ्ठा उलटतो:
दोन बाण, एक पेला,
पावसातली छत्री,
आणि ही बाजू वर.